क्लबचा मोठा कोच देशाच्या टीमला चालतो का? सोलापूरच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बाराजण सोलापुरात फुटबॉल खेळतो, उन्हाळ्यात तर साडेपाचलाच सुरू करतो कारण आठनंतर मैदानावर उभं राहवत नाही. खेळ झाला की चहा, आणि चहाला विषय ठरलेला. कोणता कोच कुठे जाणार, कोणाला काढलं, आपल्या भारताचं काय होणार. तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, नवीन पोरं आली की परत पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. डिसेंबर २०२५ मध्ये लिहितोय, त्यानंतर कुणाला काढलं किंवा घेतलं तर ते यात नाही.

ते झावी आणि गार्डिओला भारताचे कोच होणार होते म्हणे, खरं काय?

नाही. जुलै २०२५ मध्ये भारताचा तेव्हाचा कोच मानोलो मार्केझ गेल्यावर भारताच्या फुटबॉल फेडरेशनने कोचसाठी अर्ज मागवले, १७० अर्ज आले, आणि त्यात बार्सिलोनाचा जुना खेळाडू आणि कोच झावी याच्या नावाचा एक ईमेल होता. आधी बातमी अशी आली की झावीने अर्ज केलाय पण परवडणार नाही म्हणून घेतलं नाही, दोन दिवस देशभर चर्चा, मग फेडरेशननेच सांगितलं की झावी आणि गार्डिओला या दोघांच्या नावाने आलेले मेल खरे नव्हतेच. मला त्या दोन दिवसांत वाईट याचं वाटलं की आमच्या ग्रुपवर प्रत्येकजण पैशांवर भांडत होता, झावी परवडेल का, कोण स्पॉन्सर करेल वगैरे. झावी आला असता तर त्याने नेमकं केलं काय असतं, हे एकानेही विचारलं नाही. हे पान मुळात त्या प्रश्नासाठी आहे.

एका वाक्यात सांग ना बे, चालतो की नाही चालत?

ज्याचं मोठेपण रोजच्या सरावावर आणि बाजारातून खेळाडू आणण्यावर उभं आहे त्याला देशाच्या टीमचं काम जड जातं, आणि जो आहेत तीच माणसं घेऊन त्यांना दोन-तीन साध्या गोष्टी नीट पटवू शकतो त्याला जमतं. म्हणजे कोचने किती कप जिंकले हे बघू नका, ते कप त्याने कशाच्या जोरावर जिंकले ते बघा.

कोचिंग ते कोचिंगच की, एवढा काय फरक पडतो?

लई फरक पडतो. मोठ्या क्लबला वर्षाला पन्नास-साठ मॅच असतात आणि मधले सगळे दिवस सराव. देशाच्या टीमला वर्षात साधारण दहा-बारा मॅच, त्या पण विंडोमध्ये, म्हणजे फिफाने ठरवून दिलेल्या आठ-दहा दिवसांच्या तुकड्यात. खेळाडू सोमवारी येतात, कुणी रविवारी रात्रीच नव्वद मिनिटं खेळून आलेला असतो, त्याला दोन दिवस पळवताच येत नाही, गुरुवारी पहिली मॅच, मग प्रवास, मंगळवारी दुसरी मॅच आणि बुधवारी सगळे आपापल्या क्लबला परत. सगळी टीम ताज्या पायाने एकत्र मैदानावर असते असे सराव मोजले तर दोन, फार तर तीन. आणि लेफ्ट बॅक कच्चा वाटला तर क्लबवाला जानेवारीत नवीन विकत आणतो, देशाच्या कोचने कुठून आणायचा? त्या पासपोर्टवाले जे आहेत त्यातलेच.

मी हे स्वतः अनुभवलंय म्हणून सांगतो, जिल्ह्याच्या टीमला खेळलोय त्यामुळे. तीन दिवसांचा कॅम्प होता. आमच्या क्लबमध्ये मी सेंटर बॅक, माझ्या बाजूचा पोरगा आणि मी चार वर्षं एकत्र खेळलेलो, तो मान वळवायचा आणि मला कळायचं की आता लाइन वर न्यायची, म्हणजे मागच्या चौघांनी एकदम पुढे सरकायचं की समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड सापडतो, ओरडायची गरजच नाही पडायची. कॅम्पमध्ये माझ्या जोडीला आला पूर्व भागातला एक पोरगा, माझ्यापेक्षा चांगला खेळाडू, पण ऐन वेळी त्याच्या तोंडून तेलुगूच निघायचं. लेफ्ट बॅक अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. पहिल्या मॅचला दहाव्या मिनिटाला हा ओरडला "पैकी रा", म्हणजे वर ये, मी गेलो, तो गेला, राइट बॅक गेला आणि लेफ्ट बॅक आमच्याकडे बघत जागेवर उभा. त्यांचा स्ट्रायकर त्याच्यामुळे ऑनसाइड, एकटा गोलकीपरसमोर, गोल. चूक कुणाची म्हणायची? लेफ्ट बॅक बिचारा तोवर त्या पोराबरोबर तीन दिवस खेळलेला. आमचे कोच सर पण कच्चे नव्हते, त्यांच्या क्लबची ऑफसाइड लाइन जिल्ह्यात सगळ्यात भारी होती, पण ती बसवायला त्यांना दोन सीझन लागलेले, आणि तीच लाइन ते आमच्याकडून तीन दिवसांत करून घ्यायला गेले.

आमच्यातला एकजण मागावर काम करतो, तो म्हणाला जकार्डवर नवीन डिझाइन चढवायचं तर कार्डं लावून, ताणा भरून दिवस मोडतात, आणि इथे गिऱ्हाईक म्हणतंय चादर उद्या सकाळी पाहिजे. मला यापेक्षा चांगलं सांगता येत नाही.

एकच माणूस क्लबला भारी आणि देशाला फेल, असं खरंच झालंय का?

हान्सी फ्लिक. २०२० ला जर्मनीच्या बायर्न क्लबबरोबर लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिन्ही जिंकला, फायनलच्या आधी बार्सिलोनाला ८-२ ने धुतलेलं ते पण त्यानेच. २०२१ ला जर्मनीचा कोच झाला, सगळ्यांना वाटलं आता काय, अर्धी टीम तर बायर्नचीच आहे. २०२२ च्या वर्ल्ड कपला जपानकडून हरले आणि ग्रुपमधूनच घरी आले. सप्टेंबर २०२३ ला परत जपान, ह्यावेळी जर्मनीत, ४-१ ने हरले आणि त्याला काढला. जर्मनीच्या फेडरेशनने कोचला काढून टाकायची ती पहिलीच वेळ.

आता पुढचं ऐका. २०२४ ला तोच माणूस बार्सिलोनाला गेला आणि तीच उंच डिफेन्स लाइन लावली, अगदी मैदानाच्या मध्यापर्यंत वर. ऑक्टोबरमध्ये बर्नाबेउवर, म्हणजे त्यांच्याच मैदानावर, रियाल माद्रिद १२ वेळा ऑफसाइड सापडली, बार्सा ४-० ने जिंकली आणि सीझन संपताना लीग पण त्यांचीच. डोकं तेच, विचार तोच, मधल्या दोन वर्षांत माणूस मूर्ख झाला आणि परत शहाणा झाला असं थोडीच असतंय. बार्सामध्ये त्याला तीच चार पोरं रोज सकाळी मिळत होती.

अण्णा, आपल्या भारताचं उदाहरण सांगा, युरोपचं राहू द्या.

भारताचं उदाहरण तर जगात कुठे मिळणार नाही इतकं स्वच्छ आहे, आणि मला ते अजून लागतं.

मानोलो मार्केझ, स्पॅनिश माणूस, २०२१-२२ ला हैदराबाद एफसीला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकून दिलं, मग एफसी गोवाला गेला. जुलै २०२४ ला त्याला भारताचा कोच केलं पण गोव्याची नोकरी चालूच ठेवली, म्हणजे २०२४-२५ चा अख्खा सीझन तो दोन्हीकडे होता. आता त्याच महिन्यांचा हिशोब मांडा. गोवा आयएसएलच्या लीगमध्ये दुसरी आली आणि ३ मे २०२५ ला भुवनेश्वरला सुपर कपच्या फायनलमध्ये जमशेदपूरला ३-० ने हरवलं. भारताच्या मात्र ८ मॅच झाल्या, त्यात जिंकली एक, मालदीवविरुद्ध. मॉरिशसशी ०-०, सीरियाकडून ०-३, व्हिएतनाम आणि मलेशियाशी १-१, शिलाँगला बांगलादेशशी ०-०, थायलंडकडून ०-२, आणि १० जूनला हाँगकाँगमध्ये शेवटच्या क्षणी पेनल्टी देऊन ०-१.

ती हाँगकाँगची मॅच आम्ही चहाच्या टपरीवर एकाच मोबाइलवर सातजण बघत होतो. शेवटची शिट्टी झाल्यावर टपरीवाल्या मामांनी, ज्यांना फुटबॉलचं काही पडलेलं नसतं, न विचारता सगळ्यांचे ग्लास परत भरले. कुणी काही बोललं नाही.

तर ज्यांना वाटतं क्लबचा यश मिळवणारा कोच आणला की काम झालं त्यांनी हे वर्ष बघावं. गोव्यात तो रोज दुपारी स्वतःच्या खेळाडूंबरोबर होता, त्याला बॉल मागून जमिनीवरून खेळत आणायचा असायचा आणि त्यासाठी लागणारी माणसं त्याने निवडून घेतलेली होती. भारताकडे आला की स्ट्रायकर कोण हाच प्रश्न, कारण आयएसएलमध्ये नऊ नंबरला बहुतेक क्लब परदेशी खेळवतात, आपल्या पोरांना तिथे खेळायलाच मिळत नाही. शेवटी सुनील छेत्रीला चाळिशीत निवृत्तीतून परत आणावं लागलं. ह्यात मार्केझची चूक नाही असं मी म्हणत नाही, दोन नोकऱ्या घेणंच चुकलं, ज्यांनी दिल्या त्यांचं जास्त चुकलं. पण पूर्णवेळ असता तरी सराव तेवढेच मिळाले असते.

क्रिकेटमध्ये तर गौतम गंभीर केकेआरवरून थेट भारताचा कोच झाला, तिथे का चालतं?

क्रिकेटमध्ये सगळं उलटं आहे हो. तिथे भारताची टीम वर्षातले कितीतरी महिने एकत्र असते, पाच-पाच टेस्टच्या सिरीज असतात, आणि आयपीएलच्या कोचला मिळतात दोन महिने. रोजचं काम तिथे देशाच्या कोचकडे आहे. त्यामुळे क्रिकेटचा नियम फुटबॉलला लावू नका, घरातले मोठे लोक हमखास हीच गल्लत करतात. आयपीएलचं ऑक्शन आणि फुटबॉलचा ट्रान्सफर बाजार एवढंच काय ते सारखं.

मग क्लबमधून येऊन देशाला जिंकून दिलं असं कोणीच नाही का?

आहेत की. मार्चेलो लिप्पी, युवेंटसबरोबर १९९६ ची चॅम्पियन्स लीग आणि इटलीबरोबर २००६ चा वर्ल्ड कप. व्हिसेंते देल बॉस्के, रियाल माद्रिदबरोबर २००० आणि २००२, मग स्पेनबरोबर २०१० चा वर्ल्ड कप आणि २०१२ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. चॅम्पियन्स लीग आणि वर्ल्ड कप दोन्ही जिंकलेले कोच हे दोघेच. देल बॉस्केबद्दल लोक म्हणतात त्याने काही केलंच नाही, तयार टीम मिळाली, आणि मला वाटतं तिथेच त्याचं शहाणपण आहे. २०१० च्या फायनलला सुरुवातीच्या अकरात बार्सिलोनाचे सहाजण होते, पुयोल, पिके, बुस्केट्स, झावी, इनिएस्ता, पेद्रो. ह्यांना एकमेकांना ओरडून सांगायची गरज नव्हती, रोजचा सराव क्लबने करून दिलेला. स्वतः माद्रिदचा माणूस असून त्याने बार्साच्या पोरांना त्यांच्यासारखं खेळू दिलं, माझी स्टाइल म्हणून अडून बसला नाही.

इटलीचा कोच असताना कोन्तेने २०१६ च्या युरोला तेच केलं, बुफॉन, बार्झाली, बोनुची, किएलिनी ही अख्खी मागची फळी त्याच्याच जुन्या युवेंटसची. साध्याशा इटलीने त्यांच्या जोरावर स्पेनला हरवलं आणि जर्मनीशी पेनल्टीवर गेले. पण स्पर्धा संपली तसा कोन्ते चेल्सीला गेला आणि पुढच्याच वर्षी लीग जिंकला, त्याला रोजचं मैदान पाहिजे होतं.

आणि एमा हेजला विसरू नका. चेल्सीच्या बायकांच्या टीमबरोबर वर्षानुवर्षं लीग जिंकत होती, मे २०२४ ला तिथलं काम संपवून अमेरिकेच्या टीमला गेली आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला ऑलिम्पिक गोल्ड, फायनलला ब्राझीलवर १-०. तीन महिने पण नाही झाले! तिने जाऊन सगळं पाडून नवीन बांधायला घेतलं नाही, तिघी पुढे ठेवल्या, रॉडमन, स्वॉन्सन, सोफिया स्मिथ, आणि जवळपास तीच अकरा परत परत खेळवली.

आणि क्लबमध्ये काहीच नाव नसलेले जिंकतात ते कसं काय?

अर्जेंटिनाचा स्कालोनी तर कुठल्या मोठ्या क्लबचा मुख्य कोच कधी नव्हताच, सहाय्यक होता, २०१८ ला तात्पुरता म्हणून बसवला, तेव्हा मॅराडोनासकट सगळ्यांनी नावं ठेवली. २०२१ कोपा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा, २०२२ वर्ल्ड कप, २०२४ परत कोपा. स्पेनचा दे ला फुएन्ते अंडर-१९, अंडर-२१ करत वर आला आणि २०२४ ची युरो जिंकला, त्यातली कितीतरी पोरं त्याने मिसरूड फुटायच्या वयापासून बघितलेली. ही पण एक प्रकारे रोजची ओळखच झाली ना, फक्त ती क्लबमध्ये नाही झाली, दहा वर्षांत थोडी थोडी करून झाली.

परदेशी कोचने वर्ल्ड कप जिंकलाय का?

२०२२ पर्यंत एकदाही नाही. युरो जिंकलीय, २००४ ला ग्रीसने, जर्मन ऑटो रेहागेलबरोबर.

अँचेलोटी ब्राझीलला सूट होईल का? सगळे हेच विचारतात.

माझं मत आहे की मोठ्या क्लब कोचांपैकी ह्या कामाला सगळ्यात फिट बसणारा माणूस तोच. पाच चॅम्पियन्स लीग, युरोपच्या पाचही मोठ्या लीग जिंकलेला एकमेव कोच, हे सगळं खरं, पण मी त्यावर जात नाहीये. तो प्रत्येक क्लबमध्ये वेगळा खेळ खेळला. मिलानमध्ये पिर्लोला मागे बसवून खेळवलं, माद्रिदमध्ये विनिशियसला मोकळं रान दिलं. समोर जे खेळाडू आहेत ते बघून तो जेवण बनवतो, बाजारात जाऊन यादी देत बसत नाही. देशाच्या कोचला दुसरं काय पाहिजे? शिवाय विनिशियस, रोड्रिगो, मिलिटाओ ही माद्रिदपासूनची त्याची घरची पोरं.

मे २०२५ ला आला तेव्हा ब्राझीलची अवस्था वाईट होती, अर्जेंटिनाने मार्चमध्ये ४-१ ने हरवलेलं. पात्रता मिळवली पण पाचव्या नंबरवर. ऑक्टोबरमध्ये जपानविरुद्ध २-० ने पुढे असून २-३ हरले, ब्राझील जपानकडून पहिल्यांदाच हरली. तेव्हा चहाला आमच्यातला एकजण म्हणाला, "म्हातारा काय करूलालाय कळंना बे." मी म्हटलं मैत्रीच्या मॅचला सेकंड हाफमध्ये अर्धी टीम बदलून बघत होता, बघू दे. मला एकच भीती वाटते, २००२ नंतर कप नाही म्हणून तिथे लोकांचा धीर संपलेला आहे, आणि क्लबमध्ये एक हार शनिवारी झाली तर बुधवारी पुसता येते, इथे पुढची मॅच यायला महिना जातो आणि तोपर्यंत पेपरवाले रोज तीच हार वाढतात.

आणि टुखेल इंग्लंडला?

त्याने काम समजून घेतलंय असं वाटतं. मुळात अठरा महिन्यांचाच करार, जानेवारी २०२५ पासून वर्ल्ड कपपर्यंत, म्हणजे मी काही घडवायला नाही तर एक स्पर्धा खेळायला आलोय हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. पात्रतेच्या ८ पैकी ८ जिंकल्या आणि एकही गोल खाल्ला नाही. ग्रुप सोपा होता हे मान्य. पण मोठी नावं बाहेर ठेवायची त्याची हिंमत आहे, आणि आधीच्या कोचांना इंग्लंडमध्ये नेमकं तेच जमत नव्हतं.

पेनल्टीचा सराव तरी करून घेता येतो ना?

स्पेनचा तेव्हाचा कोच लुइस एन्रिकेने करून बघितला. त्याने स्पेनच्या खेळाडूंना एक वर्ष आधी सांगितलेलं की वर्ल्ड कपला येण्याआधी आपापल्या क्लबमध्ये किमान हजार पेनल्टी मारून या. होमवर्क दिला म्हणा. २०२२ ला मोरोक्कोसमोर शूटआऊट आलं, सराबियाचा पोस्टला, सोलेर आणि बुस्केट्सचे अडवले, तिन्ही गेले. उलट २०१४ च्या वर्ल्ड कपला नेदरलँड्सचा कोच व्हान गालने कोस्टारिकाविरुद्ध १२० व्या मिनिटाला गोलकीपरच बदलला, टिम क्रूल आला आणि दोन अडवले. व्हान गाल हा मोठा क्लब कोचच, पण ते काम सरावाचं नव्हतं, त्या एका रात्रीच्या निर्णयाचं होतं. मोठ्या स्पर्धेत सात-आठ मॅचमध्ये असे चार-पाच निर्णय येतात, आणि सगळं त्यावर फिरतं.

गार्डिओला किंवा क्लॉप देशाची टीम घेतील का, जमेल का?

दोघांनीही आजवर घेतलेली नाही. क्लॉपला जमेल असं मला वाटतं, माणसं पेटवायची त्याची हातोटी आठ दिवसांतही चालेल. गार्डिओलाचं मला अवघड वाटतं आणि हे मी त्याचा भक्त असून लिहितोय, त्याच्या खेळात प्रत्येकाने कुठे उभं राहायचं ते पावलापावलाने ठरलेलं असतं आणि ते अंगात मुरायला मँचेस्टर सिटीच्या खेळाडूंनाही पहिलं वर्ष लागलं, त्या वर्षी त्याने एकही कप जिंकला नव्हता.

मग खालिद जमीलला घेतलं ते बरोबर की चूक?

बरोबर, मला तरी ठामपणे वाटतं. २०१६-१७ ला आयझॉलसारख्या छोट्या टीमला आय-लीग जिंकून दिली, मुंबई एफसीला कितीतरी वर्षं कमी पैशात वर टिकवून ठेवलं, आणि सुपर कपची जी फायनल वर सांगितली त्यात हरलेल्या जमशेदपूरचा कोच तोच होता. ज्याच्याकडे कधी मनासारखे खेळाडू नव्हते असा क्लब कोच आहे हा. आहेत त्यांच्यात घट्ट डिफेन्स बसवायचा, लांब थ्रो आणि कॉर्नरवर गोल काढायचा, देखणं नसेल पण तीन दिवसांत शिकवता येतं.

ऑगस्ट २०२५ ला आला, मध्य आशियातल्या काफा स्पर्धेला टीम घेऊन गेला, स्पर्धेची सुरुवात विंडोच्या बाहेर म्हणून मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, तरी ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. आम्हाला वाटलं झालं, दिवस फिरले. मग ऑक्टोबरमध्ये आशिया कपच्या पात्रतेत सिंगापूरशी त्यांच्या घरी १-१, आणि १४ तारखेला मडगावला त्यांच्याकडूनच, छांगटेच्या गोलने पुढे असून १-२. आशिया कप २०२७ चं दार बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून पण ०-१.

तरीही मी त्याला काढा म्हणणार नाही. यंदा आयएसएल वेळेवर सुरूच झालं नाही, मग त्याने कुणाचा फॉर्म बघून टीम निवडायची? क्लब चालू असतील तर देशाच्या कोचला तयार माणूस मिळतो, देल बॉस्केला मिळाले तसे. क्लबच बंद असतील तर झावी खरंच आला असता तरी दोन सरावांत काय केलं असतं सांगा. माझं म्हणणं एवढंच आहे की नौशाद मूसाच्या अंडर-२३ टीमने सप्टेंबरमध्ये बहारीनला २-० ने हरवलं, त्यातली पाच-सहा पोरं आत्ताच वर घ्या आणि ती एकत्रच खेळवा, हरली तरी चालतील, पण दर विंडोला तीच पोरं दिसू द्या.

मग आता भारताची मॅच बघायची तरी कशाला?

मार्च २०२६ ला हाँगकाँगविरुद्ध घरची मॅच बाकी आहे. आशिया कपला जाणार नाही हे माहीत आहे. मी बघणार आहे, मामांच्या टपरीवरच, आणि पहिली गोष्ट बघणार ती अशी की मागची लाइन वर जाताना चौघंही एकदम हलतात का.